काठवटीतली आवडूबाय

ही गोष्ट केव्हाची, ते मला विचारू नका. खाडीवर पूल नव्हता, मचव्यांना इंजिनं नव्हती आणि माझ्या पणजीच्या तोंडात दुधाचे दात होते, तेव्हाची म्हणा. पण कुठली, ते मात्र छातीठोकपणे सांगते. ही आमच्या कांदवण्याची. पलीकडच्या काठावरचे लोक म्हणतात आवडूबाय त्यांची होती. म्हणोत बापडे! त्यांच्याकडे धड कुर्ली तरी मिळते का? आवडूबाय आमची, तांडेलांच्या घरातली, आणि आता पुढचं ऐका.

आई-बाप लवकर गेले, तेव्हा आवडूच्या कडेवर धाकटा भाऊ होता, गुणाजी. त्याला वाढवता वाढवता तिचं लग्नाचं वय निघून गेलं. लोक हळहळायचे. ती म्हणायची, "माका कित्याक व्हयो घोव? हो एक आसा तोच खाता दोघांचा." गुणाजी मोठा झाला, मोठ्या मचव्याचा तांडेल झाला, आणि आवडू खाडीत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरायला लागली.

तिची डोणी म्हणजे एका माणसापुरतं होडकं. एका खोडातून कोरलेलं, आखूड आणि बसकं. बायका पीठ मळायला घेतात त्या काठवटीसारखंच दिसायचं ते, म्हणून गुणाजीनं नाव पाडलं काठवट. बंदरावरचे बाप्ये रोज विचारायचे, "आवडूबाय, काठवट घेवन खंय चललंस गो?" आणि ती म्हणायची, "तुमच्या बायलांका विचारा, रातच्याक काय शिजवतत ता!" कारण खरंच, मचवे रिकामे आले तरी कांदवण्यात आवडूच्या कुर्ल्यांचं सार शिजायचं.

तिची पद्धत अशी. खाडीत भरतीचं पाणी चढायला लागलं की काठवट सोडायची. मुशी माशाच्या डोक्याचे तुकडे दोरीला बांधून तळाशी सोडायची, वर खूण म्हणून करवंटी तरंगत ठेवायची. दोरी जड झाली की हळूहळू वर ओढायची, खालून झेल्याचं जाळं घालायची, आणि सुंभाच्या एका वेढ्यात कुर्लीचे डेंगे, म्हणजे नांग्या, बांधून टाकायची. पण पोटाखाली अंडी घेऊन आलेली कुर्ली तिनं कधी घरी आणली नाही. तिला पाण्यात सोडताना म्हणायची, "जा गो, तुझ्या घरचा काम आटप." खाडीचा तळ तिला पायाखालच्या अंगणासारखा ठाऊक झाला होता. असं म्हणतात की कुर्ल्या तिच्याशी बोलायच्या. मला नाही तसं वाटत. पण ती त्यांच्याशी बोलायची, हे पक्कं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. त्यात एकच वाट खोल, बाकी सगळी उथळ. वारं उठलं की दांड्यावर लाटा फुटतात आणि बाहेरून सगळं पांढरं दिसतं, वाट कुठली ते कळत नाही. पण जुन्या लोकांनी खूण धरली होती. टेंबावर, म्हणजे खाडीकाठच्या टेकाडावर, उंडीचं एक प्रचंड झाड होतं, बारा महिने काळंहिरवं. देवळाची दीपमाळ आणि ते झाड एका रेषेत आलं की मचव्याचं नाक सरळ ठेवायचं आणि आत यायचं. पिढ्यान् पिढ्या असंच चाललं होतं. इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याबद्दल कुणी बोलतसुद्धा नसे.

त्या वर्षी पावसाळ्यात मचवे वर ओढून ठेवलेले, हातांना काम नाही. गुणाजीच्या मनात आलं की नवा मचवा बांधायचा, साऱ्या किनाऱ्यावर नसेल असा. मचव्याला लाकूड कुठलं चांगलं? उंडीचं. आणि सर्वांत जाड उंडी कुठली? टेंबावरची. झालं! गुरवाला कौल लावायला सांगितला, देवाला नारळ दिला, आणि गुणाजीनं स्वतः पहिली कुऱ्हाड घातली. अख्खा गाव ढोल वाजवत गेला. आवडूही गेली. भावाचा मचवा होणार म्हणून तिनं सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं. एका माणसाच्या डोक्यात आलं नाही की आपण काय करतोय ते. दर्यावर्दी म्हणवणारे लोक, आणि आपलीच खूण आपल्या हातांनी पाडून वर नाचत आले. हसू नका. तुम्ही-आम्ही असतो तर आपणही नाचलो असतो.

मचवा मात्र झाला देखणा, हे कबूल केलंच पाहिजे. नारळी पुनव झाली, दर्याला नारळ गेला, आणि पुढच्या सकाळी कांदवण्याचे झाडून सगळे मचवे बाहेर पडले. पुढे गुणाजीचा नवा मचवा. आभाळ निरभ्र होतं. गावात एक धड बाप्या उरला नाही, उरले ते म्हातारे आणि रांगणारे.

दुपार कलली आणि पश्चिमेकडून काळोख चढला. वारं असं सुटलं की माडांच्या झावळ्या जमिनीला टेकल्या. बायका बंदरावर धावल्या. पाऊस कोसळत होता, तरी दांड्यापलीकडे शिडं दिसत होती. मचवे येत होते. पण दांड्याजवळ येऊन वळत होते. पुन्हा यायचे, पुन्हा वळायचे. भरतीचं पाणी चढत होतं तोवरच आत यायला मिळणार, हे पोराटोरांनाही ठाऊक. एकदा सुकती लागली, म्हणजे पाणी उतरायला लागलं, की वारं आतल्या बाजूला आणि पाणी बाहेरच्या बाजूला. मग दांड्यावर लाटांच्या भिंती उभ्या राहतात, आणि त्यात मचवा सापडला की फळ्यासुद्धा हाती लागत नाहीत.

"मेले येणत कित्याक नाय भितर?" एक म्हातारी ओरडली. "त्यांका काय दिसणा नाय?"

आणि साऱ्या बायकांनी वळून टेंबाकडे बघितलं. टेंब बोडका होता.

आवडू म्हणाली, "आपलेच डोळे आपण फोडले गो बायांनो." मग ती घराकडे पळाली. पडवीत वाळत टाकलेलं हिरवं लुगडं तिनं ओढलं, लांब वासा घेतला आणि काठवट पाण्यात लोटली. पलीकडचे लोक या लुगड्यावरून काहीबाही वाह्यात बोलतात, त्यांच्याकडे कान देऊ नका. पडवीतलंच लुगडं होतं ते, अंगावरचं नव्हे. बायकांनी तिला धरलं. म्हणाल्या, "अगो, ह्या काठवटीतून दर्यात जातंस? मरशील!" ती म्हणाली, "सगळ्यांचे घोव भायर आसत. माझो भाव भायर आसा. सोडा माका."

भरतीच्या पाण्यावर उलटं वल्हं मारत एकटी बाई खाडीच्या तोंडाशी गेली. खोल वाटेचा काठ तिला पाठ होता, कारण तिथेच कुर्ल्या बसतात. त्या काठावर तिनं वासा वाळूत रोवला, काठवट त्याला बांधली, वाशाच्या टोकाला लुगडं बांधलं, आणि दोन्ही हातांनी वासा कवटाळून उभी राहिली. एवढ्या लाटांत वासा उपटला कसा नाही? असं म्हणतात की जितक्या अंडीवाल्या कुर्ल्या तिनं सोडल्या होत्या, त्या साऱ्या लेकीबाळी घेऊन तळाशी जमल्या आणि त्यांनी डेंग्यांनी वासा घट्ट धरून ठेवला. ज्याला पटत नाही त्यानं वादळात एक वासा रोवून दाखवावा.

आणि बाहेर मचव्यांतल्या लोकांना काय दिसलं म्हणता? उंडी! दांड्याच्या तोंडाशी, पाण्यात, काळीहिरवी उंडी उभी. पानं हलताहेत. फुलांचा वास आला, असंही म्हणतात. जीव मुठीत धरलेल्या माणसांनी फार विचार केला नाही. एकानं नाक झाडाकडे केलं आणि लाटेबरोबर आत घुसला. मागून दुसरा, मागून तिसरा. प्रत्येक जण झाडाच्या अंगाला घासून आत आला, आणि आत आल्यावर मागे वळून बघतो तर काठवटीत चिंब भिजलेली आवडू. ती ओरडायची, "बघतंस काय मेल्या, पुढे हो, मागच्याक जागा दी!"

सगळे आले. एकच मचवा बाहेर राहिला. गुणाजीचा.

त्यालाही उंडी दिसत होती हो. पण इतरांचं ठीक होतं, त्यांनी फक्त ढोल वाजवले होते. ती उंडी गुणाजीनं स्वतःच्या हातांनी पाडली होती. तिच्या फळ्यांवरच तो उभा होता. तो म्हणाला, "उंडी मियाच तोडलंय. ती थंय आसतलीच कशी? ह्यो चकवो आसा, आपणांक खडपार नेता." खलाशी रडले, पाया पडले. त्यानं सुकाणू वळवलं नाही. आणि भरती संपत आली होती.

आवडूनं ते बघितलं. भावाला तिनं वाढवलं होतं, त्याच्या डोक्यात काय चाललंय ते तिला सांगावं लागलं नाही. तिनं दोरी सोडली. वासा उपटून काठवटीत घेतला आणि दांड्याच्या बाहेर, फुटत्या लाटांत, भावाकडे वल्हं मारत निघाली.

गुणाजीला दिसलं की झाड चालत आपल्याकडे येतंय. त्यानं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं. उघडले तेव्हा झाड नव्हतं. समोर काठवट होती. ज्या काठवटीला तो रोज हसायचा तीच, आणि तीत त्याची बहीण. कधी कुणाला वाट न विचारलेला तो तांडेल लहान मुलासारखा ओरडला, "बाये, भितर येव काय गो?"

आणि आवडूनं वल्ह्यानं खोल वाट दाखवत, वाऱ्यावर आवाज चढवून सांगितलं, "ये रे, पाणी आसा!"

भरतीच्या शेवटच्या लाटेवर मचवा आत आला. काठवटीशेजारून जाताना गुणाजीनं दोर फेकला, पण तो तिच्या हाती लागला नाही. आणि सुकती लागली. पाणी फिरलं, आणि साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत काठवट बाहेर ओढली गेली, लहान होत गेली, दिसेनाशी झाली.

त्या रात्री कांदवण्यात चूल पेटली नाही. ज्यांचे घोव परत आले होते त्याही बायका हंबरडा फोडून रडल्या. गुणाजी बंदरावर पाण्यात पाय सोडून बसला तो उठेना.

पहाटे पुन्हा भरती चढली. वारं पडलं होतं. आणि काय सांगू! दांड्यावरून काठवट डुलत डुलत येत होती. आवडू वल्हं मारत होती, लुगडं खांद्यावर टाकलेलं, आणि पायाशी कुर्ल्यांचा ढीग. सगळा गाव पाण्यात धावला. ती काठाला लागली, चेहरे बघितले आणि म्हणाली, "रडतास कित्याक? चुली पेटवा. दोऱ्यो वाटेत होत्योच, उचलून आणलंय."

गुणाजीनं तिचे पाय धरले. म्हणाला, "बाये, मचवो तुझो. काय व्हया ता माग." ती म्हणाली, "मचवो काय डोक्यार मारू? टेंबार उंडी लाव. आणि ती वाढासर कोणतरी बायल थंय तोंडार उभी रवतली, ह्या ध्यानात ठेवा."

त्याच दिवशी गुणाजीनं टेंबावर उंडीची फळं पुरली. आवडू म्हातारी होऊन, नातवंडांच्या वयाच्या पोरांना शिव्या घालत, आपल्या अंथरुणात मेली. तोवर उंडी दर्यातून दिसण्याएवढी उंच झाली होती. आज ती एवढी झालीय की चार माणसांच्या कवेत मावत नाही. टेंबावर सरकारी दिवा आलाय. बोटींना इंजिनं आली, आणि पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्रांचे पडदेसुद्धा आले. पण अजूनही हंगामाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी कांदवण्यातली एक बाई लहान डोणी घेऊन खाडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते. बोटी दांड्याबाहेर येऊन थांबतात. इंजिनं बंद होतात. मग एकेक तांडेल ओरडतो, "बाये, भितर येव काय गो?" ती "ये रे, पाणी आसा" म्हणेपर्यंत कुणी पुढे सरकत नाही. या आरोळीला आमच्याकडे आवडूची वाट म्हणतात.

मध्ये एका वर्षी धाकू खवणेकराची नवी कोरी बोट आली. म्हणाला, पडद्यावर सगळं दिसतंय, विचारायचं कशाला? आणि घुसला सरळ. काही झालं नाही त्याला. दर्या कोपला नाही, बोट फुटली नाही. पण बंदरावर त्यानं दोर फेकला तेव्हा तो कुणी धरला नाही. दोर पाण्यात पडला. त्यानं पुन्हा फेकला, पुन्हा पडला. साऱ्या बायका नुसत्या उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून, मीही त्यांत होते. शेवटी त्यानं बोट फिरवली, दांड्याबाहेर गेला आणि इंजिन बंद केलं. खाडीच्या तोंडाशी त्या वर्षी उभी होती त्याची सख्खी थोरली बहीण, सुलोचना. त्यानं हाक दिली, तशी तिनं लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदा दिली, तरी नाही. तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज फाटला. तेव्हा सुलोचनानं डोळे पुसले आणि साऱ्या खाडीला ऐकू जाईल असं ओरडली, "ये रे, पाणी आसा!"