बुवांच्या पायातला काटा

“मग मी काय करावं, बुवा? माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरीला शेजारी उभं करून ऑपरेशनं करू?”

डॉक्टर अविनाश घोरपड्यांचा आवाज वेण्णेकाठच्या त्या छोट्या मठीत घुमला. साताऱ्यात हाडांचा डॉक्टर म्हटलं की त्यांचंच नाव निघे. हे त्यांनाही ठाऊक होतं, जरा जास्तच.

नारोबुवा, त्यांच्या आईचे गुरू, पायावर घोंगडी घेऊन बसले होते.

“त्या डाक्टरांच्या कौन्सिलनं सांगितलंय व्हय तसं?”

“वर्षभर एकट्यानं ऑपरेशन करायचं नाही. दुसरा सर्जन शेजारी हवा, आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय सुरी लावायची नाही. आमच्याकडे दुसरी सर्जन म्हणजे डॉक्टर मृदुला. कालपरवापर्यंत मला विचारून टाका घालायची!”

“आन् चूक काय झाली?”

“चुकीचा गुडघा उघडला... पाटणच्या एक आजी होत्या. दोन्ही गुडघे झिजलेले. उजवा जास्त खराब दिसत होता. दुखत होता डावा.”

“त्यांना इचारायचं.”

“भूल द्यायच्या आधी पेशंटला बोट ठेवायला सांगतात, तिथं पेनानं खूण करतात. रीतच आहे ती. मी ते नवशिक्यांचं काम समजत होतो. त्या आजी काहीतरी बोलत होत्या. मी म्हटलं, घाबरू नका आजी, दुखणार नाही.”

बुवांनी पायावरची घोंगडी सारखी केली.

“इतक्या वर्षांत एक चूक, बुवा! त्यापेक्षा हॉस्पिटलला कुलूप लावतो आणि शेती करतो.”

“शेती बरी,” बुवा म्हणाले. “भुईमूग मधी बोलत न्हाई.”

डॉक्टरांना हसू आलं नाही.

“जाता जाता येक काम कर. पायात बाभळीचा काटा मोडलाय. काढतोस का?”

आता मात्र डॉक्टरांचा चेहरा खुलला. काम समोर आलं की माणूस निम्मं दुःख विसरतो. ते लगबगीनं गाडीतून बॅग घेऊन आले.

बुवांनी घोंगडीखालून दोन्ही पाय पुढे केले. उजवा सुजलेला, वाकडा, भेगाळलेला होता. डॉक्टरांनी तो मांडीवर घेतलासुद्धा.

“अरं, त्यो...”

“घाबरू नका, बुवा. दुखणार नाही.”

सुई चालू लागली. आधी टाच उकरून झाली, मग चवडा. रक्ताचा थेंब आला. बुवांनी डोळे मिटून घेतले.

“काटा सापडत नाही,” शेवटी घाम पुसत डॉक्टर म्हणाले.

“तितं न्हाईच त्यो. डाव्यात हाय.”

“मग या पायाला काय झालंय?”

“ल्हानपणी बैलगाडीचं चाक गेलं त्याच्यावरनं. तवापासनं असाच हाय. मजेत हाय.”

“मग बोलला का नाहीत?”

बुवा नुसते त्यांच्याकडे बघत राहिले...

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. स्ट्रेचरवरून अर्धवट उठलेल्या, बोट वर केलेल्या आजी त्यांना दिसल्या. त्यांना फार वाईट वाटलं. कौन्सिलच्या निकालानंतर प्रथमच, स्वतःबद्दल नव्हे.

“दुखलं का, बुवा?”

“दुखलं की.”

डॉक्टरांनी डावा पाय जवळ घेतला.

“कुठं?”

बुवांनी अंगठ्याखाली बोट ठेवलं. डॉक्टरांनी खिशातलं पेन काढून तिथं बारीकसा गोल केला.

“इथंच ना?”

“जरा खाली.”

गोल पुसून खाली दुसरा केला. काटा अलगद निघाला. बुवा हसले, आणि कित्येक दिवसांनी डॉक्टरही हसले.

पायऱ्या उतरता उतरता ते वळले. “सोमवारी एक गुडघा आहे. मृदुलाला बोलावतो.”

पण पाऊल अडलं.

“बुवा... भर थिएटरात, सगळ्यांसमोर तिनं मला थांबवलं तर?”

बुवा तळव्यावरचा शाईचा गोल कौतुकानं बघत होते.

“घाबरू नकोस,” ते म्हणाले. “दुखायचं न्हाई.”