झाकलेला वाफा

फार पूर्वी एका उंच, कोरड्या माळावर एक गाव होतं. तिथे पाऊस नावापुरता पडायचा आणि हिवाळ्यात रांजणातलं पाणी गोठायचं. जाळायला औषधालाही झाड नव्हतं. चुलीचं आणि विहिरीवरच्या इंजिनाचं तेल खालच्या मुलखातून यायचं. हिवाळ्यात बर्फाने घाट बंद झाला की चुली विझायच्या.

त्या गावात एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहत. आईबापामागे तिनेच त्याला वाढवलं होतं. माळावर एक रानझुडूप उगवायचं. त्याच्या बियांत तेल भरपूर, पण थंडीत ते मरायचं. बहीण दर साली ते बी वाफ्यात पेरायची. पाणी घालायची नाही, झाकायची नाही. कडाक्यात जी रोपं तगतील, त्यांचंच बी पुढच्या सालासाठी ठेवायची. दर खेपेला थोडी जास्त तगायची.

एका हिवाळ्यात तिच्या छातीत कफ धरला. अंथरुणातून ती म्हणाली, "वाफ्यावर नजर ठेव, धाकट्या. पण हात लावू नकोस."

शेजारचा म्हातारा कुंपणापलीकडून हसला. "तुझी आक्का रोपं वाढवते की मारते रे?"

भावाला ते झोंबलं. सांजेला वारा पडला. आता दव गोठणार, हे त्याने ओळखलं. काकडलेली रोपं बघून त्याला अंथरुणातली आक्का आठवली. घरातला कडबा, गोणपाट, शेवटी स्वतःची घोंगडीही त्याने वाफ्यावर पसरली.

सकाळी तो धावत आला. "आक्का, यंदा एकही मेलं नाही."

तिचा चेहरा उजळला. मग तिने त्याच्या केसांतली कडब्याची काडी पाहिली.

"घोंगडी कुठाय तुझी?"

त्याने सांगितलं.

"आता दणकट कुठलं नि दुबळं कुठलं, कसं ओळखू रे?"

"पुढच्या साली ओळखू की."

"हो, पुढच्या साली," असं म्हणून तिने ती काडी काढून टाकली.

घाट बंद झाला, चूल विझली. त्याच हिवाळ्यात ती गेली.

पुढच्या साली भावाने सगळं बी पेरलं. कडाका आला तेव्हा तो हात काखेत दाबून ओट्यावर बसून राहिला. सकाळी अर्धा वाफा काळा पडला होता, अर्धा हिरवागार उभा होता. इतकी कधीच तगली नव्हती. तो "आक्का" म्हणत घरात शिरला आणि उंबऱ्याच्या आत थबकला. हाच वाफा गेल्या साली तिला बघायला मिळाला असता.

तात्पर्य: माया करणाऱ्याला कधी हात आवरावाही लागतो. तो आवरला नाही, तर वाया गेलेलं साल पुन्हा पेरता येतं, पण त्या सालातलं माणूस परत येत नाही.