कासवाचा डोळा आणि अकरा उंबरे

एका राज्यात नऊ बेटे होती, आणि ती नऊही एका कासवाच्या पाठीवर वसली होती. मूळपुरुष राजाने त्या कासवाचा एक डोळा काढून मुकुटात मोती म्हणून बसवला होता. डोळ्याचा राखणदार जादूगार तेव्हा शापून गेला, “जे धरून बसाल, तेच अंगावर येईल.” राजाने शाप लपवला आणि रीत घातली: भूमी हलली की घरातल्या थोरल्या लेकराने मधला खांब धरावा. धरलेले घर पडत नाही.

एका चैत्रात भूमी हलली. फार नव्हे. फडताळातली भांडी पडली, विहिरी खारट झाल्या, बंदराच्या धक्क्याला भेग गेली. अंगणात होते ते वाचले. खांबाशी उभी असलेली अकरा लेकरे छपराखाली गेली. त्यांत म्हाळोजी सुताराची थोरली लेक शेवंती होती. खांब त्यानेच रोवला होता. कसा धरायचा, हेही त्यानेच शिकवले होते.

तेरावा झाल्यावर त्याने त्याच खांबावर छप्पर पुन्हा चढवले. धाकटी मथुरा आता थोरली झाली होती. हात पुरतात का, हे ती रोज खांबाला कवेत घेऊन पाही. ते पाहून म्हाळोजीने नवव्या बेटावरच्या त्याच जादूगाराकडे होडी लोटली.

वाटेत डोलकाठीवर टिटवी बसली. म्हणाली, “सुतारदादा, आमच्याही कुळाची रीत आहे. निजताना पाय वर करून आभाळ तोलायचे.”

“मग?”

“मग काय. आभाळ हलले की आम्ही उडतो.”

जादूगार गुहेत जाळे विणत होता. त्याने मान वर केली नाही.

“तीन कामे आहेत. मोती समुद्राला परत दे. सूर्य माथ्यावर येताच कासव डोळा बसवील आणि एकदा कूस बदलेल. त्याआधी दहा उंबऱ्यांवर जा आणि रीत खोटी आहे असे सांग. ज्यांची लेकरे गेली त्यांनी खांब सोडला, तर सारे सोडतील. एकाच्याही हाती खांब राहिला, तर शाप राहिला.”

“आणि तिसरे?”

“अकरावा उंबरा तुझा.”

म्हाळोजीने मोती मागितला, पण आताचा राजा मुकुट काढीना. म्हणाला, “राज्याची शोभा जाईल.”

“घरे गेली, महाराज. शोभेचे काय घेऊन बसलात?”

राजाने पाहिले, सुताराच्या नखांत अजून छपराची माती होती. त्याने मोती काढून दिला. सकाळी म्हाळोजीने तो पाण्यात सोडला आणि चालू लागला.

नऊ उंबऱ्यांवर लोकांनी ऐकले, घराबाहेर आले आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या. दहाव्यावर सखू कोळीण मासे निवडत होती.

“रीत खोटी, तर माझा पोर कशापायी गेला?”

सखूने हातातला मासा टोपलीत टाकला. मग टोपली घेऊन अंगणात जाऊन बसली.

तो आपल्या दारी आला तेव्हा सावली पायाखाली आली होती. भूमी गुरगुरली. मथुरा धावत आत गेली आणि खांबाला बिलगली.

“मथुरे, सोड.”

“ताईने सोडला नव्हता, आबा.”

“ताईला मी चुकीचे शिकवले. खांबाने घर राहत नाही. तिने सोडला असता तर ती आज असती.”

मथुरेने त्याच्याकडे पाहिले. कौले सरकू लागली. मग तिचे हात सुटले, आणि ती स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडून आली. मागे घर बसले.

धूळ खाली आली. नऊ बेटांवर कुणाच्याही हाती खांब नव्हता. कासवाने डोळा उघडला आणि ते स्थिर झाले. विहिरींचे पाणी गोड झाले. राजाने बिनमोत्याच्या मुकुटाने नवी रीत घातली: भूमी हलली की आधी लेकरे बाहेर.

संध्याकाळी मथुरा म्हणाली, “आबा, ताईला हे कुणी सांगितलेच नाही ना?”

“नाही,” म्हाळोजी म्हणाला. मग बापलेक उघड्या अंगणात चूल मांडून बसले, आणि बेटांवर पुन्हा बरे दिवस येऊ लागले.