धन्यवाद, आपला अर्ज मिळाला

चूक तात्यासाहेबांची होती. थोडी रुक्सानाचीही, पण ती त्यांनी तिच्याकडून करवून घेतली होती.

एका तालुक्याच्या गावात मुलींचं एक वसतिगृह होतं. तात्यासाहेब हुलवळे तीस वर्षं त्याचे अध्यक्ष होते. नियम साधा होता: पंधरा जूनला जिल्ह्याला यादी द्यायची, यादीत चाळीस मुली नसतील तर मान्यता रद्द. त्या वर्षी तात्यासाहेबांनी भर सभेत जाहीर करून टाकलं की यंदापासून कागद बंद, सगळे अर्ज वेबसाइटवर. साइट बांधली रुक्साना मुलाणीने. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेली पोरगी. तात्यासाहेब तिची ओळख याच शब्दांत करून द्यायचे.

साइट ठेवली सगळ्यात स्वस्त सर्व्हरवर. असा सर्व्हर म्हणजे धर्मशाळेतली खोली. शेजारी शंभर बिऱ्हाडं, आणि भिंतीत खिळा ठोकायचा तरी व्यवस्थापकाला विचारा. काय बिघडलं त्याची नोंदवही असते, पण ती व्यवस्थापकाच्या कपाटात. तुम्हाला दाखवत नाहीत.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर एक अर्ज अडकला. पडद्यावर लाल अक्षरं आली: ‘अर्ज जतन झाला नाही. कार्यालयात फोन करा.’ तात्यासाहेबांचा चेहरा त्याहून लाल झाला. पाहुणे गेल्यावर त्यांनी तिला बोलावलं.

“संस्थेच्या दारात असली अक्षरं? काहीही होवो, माणसाला ‘धन्यवाद, आपला अर्ज मिळाला’ असंच दिसलं पाहिजे.”

“नाही मिळाला तरी?”

“लोकांना समाधान द्यायचं असतं, बाळ. कॉलेज पुरं केलं असतंस तर कळलं असतं.”

रुक्सानाने दातओठ खात ती लाल ओळ काढून तिथे धन्यवाद घातलं. तिची चूक ती एवढीच.

एकोणीस अर्ज आले आणि मे महिन्यात यायचे थांबले. तात्यासाहेब म्हणाले, हल्लीच्या मुलींना शिकायलाच नको. रुक्सानाने स्वतः अर्ज भरून पाहिला. धन्यवाद आलं, अर्ज आला नाही. तिने सर्व्हरच्या कंपनीला पत्र पाठवलं, उत्तर आलं की आमच्याकडे सर्व सुरळीत आहे. दुसरं पाठवलं, तेच उत्तर, तोच नमस्कार. मग ती साइटच्या कोडमधली एकेक ओळ बदलून पाहत बसली. सर्व्हरवर जागा तर निम्मी रिकामी होती. चौथ्या दिवशी वैतागून तिने एक कोरी फाइल चढवायला घेतली आणि सर्व्हरने तीही नाकारली. तेव्हा उजेड पडला. जागा उरली होती, पण फाइली किती ठेवायच्या त्याचा आकडा ठरलेला होता आणि तो भरला होता. प्रत्येक अर्ज म्हणजे एक फाइल. नव्या फाइलीला आकड्यात बसायला वावच नव्हता.

भरला होता कशाने? तात्यासाहेबांच्या सत्कारांच्या फोटोंनी. शाल घेताना, नारळ घेताना, नारळ शेजारच्याकडे देताना. आणि साइट प्रत्येक फोटोच्या सहा आकारांत सहा प्रती करून ठेवायची.

रुक्सानाने जुनी परिपत्रकं खोडून दोनशे फाइलींची सोय केली. संध्याकाळपर्यंत तात्यासाहेबांनी तिथे चाळीस नवे फोटो चढवले आणि आकडा पुन्हा भरला. संस्था ऑनलाइन केल्याबद्दल त्यांचा सत्कार झाला होता.

ती तशीच त्यांच्या खोलीत गेली. सगळं समजावून सांगितलं. फोटो काढा, आणि पेपरात द्या की मे महिन्यात अर्ज भरलेल्या मुलींनी पुन्हा भरावा.

“पेपरात? तीस वर्षांची अब्रू आहे संस्थेची.”

“मग निदान फोटो तरी. पेनड्राइव्हवर घालून देते, एकही जाणार नाही.”

“पेनड्राइव्हवर कोण बघणार?” तात्यासाहेब म्हणाले, आणि म्हणाले की फोटोंना हात लावलास तर उद्यापासून येऊ नकोस.

तिने फोटोंना हात लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून आलीही नाही.

पंधरा तारखेला यादी गेली. एकोणीस नावं. सोळाला वसतिगृह उघडायचं होतं. सकाळी फाटकाशी ट्रंका आणि वळकट्या घेऊन साठएक मुली आयांसोबत उभ्या. तात्यासाहेबांनी यादी वाचली आणि ते म्हणाले, बाकीच्यांचे अर्जच नाहीत. एका बाईने पदराने फोनची काच पुसली आणि त्यांच्यासमोर धरली.

“साहेब, तुम्हीच तर धन्यवाद म्हणालात.”

मागे साठ फोन वर झाले. सगळ्यांवर तेच वाक्य होतं.

जिल्ह्याने यादी बदलू दिली नाही. मान्यता गेली. आयांनी ट्रंका उचलल्या आणि परतीच्या एसटीची वाट बघत उभ्या राहिल्या. साइट अजून चालते. फोटो स्पष्ट दिसतात.

तात्पर्य: चूक सांगणारं तोंड बंद केलं म्हणून चूक थांबत नाही, ती आपल्याला सगळ्यांच्या शेवटी कळते एवढंच. तात्यासाहेबांना कळली तेव्हा तीस वर्षांचं वसतिगृह गेलं होतं.