घरून आणायचा शब्द

बाळांनो, जिथे नजर पोहोचेल तिथवर नुसते गवत नि दगडगोटे, अशा एका माळावर एक टिटवी राहत असे. तिचे घरटे म्हणजे जमिनीतला एक खळगा. कोल्हा जवळ आला की ती एक पंख लोंबता टाकून, लंगडत लंगडत त्याच्यासमोरून चालू लागे. शिकार आयती मिळाली म्हणून कोल्हा मागे लागे, आणि त्याला घरट्यापासून लांब नेऊन ही भुर्रकन उडून जाई. हे सोंग तिला आईने शिकवले होते. आईनेच एक शब्दही दिला होता, 'दड'. टिटव्यांच्या बोलीत दड म्हणजे, आहेस तिथे पोट जमिनीला टेकव आणि हलू नकोस. मातकट रंगाचे पिल्लू असे निपचित पडले की वरून ससाण्यालासुद्धा ते ढेकूळच वाटते.

माळाच्या कडेला तळे होते. तिथे दर हिवाळ्यात डोंगरापलीकडून हंसांचा थवा येई. कुठले पाणी आटले, कुठे चारा पिकला, हे सगळे त्यांना ठाऊक असे. एकदा साऱ्या पाखरांशी हंस आपल्या बोलीत बोलत होते आणि आपली टिटवी काही न कळताच मान डोलवत उभी होती. ते पाहून हंस हसले. टिटवीच्या मनाला ते फार लागले. तिने ठरवून टाकले, माझ्या पिलावर अशी खाली मान घालायची पाळी येऊ द्यायची नाही.

परतीचे बळ न उरलेला एक म्हातारा हंस त्याच तळ्याकाठी शाळा चालवीत असे. नुकत्याच अंड्याबाहेर पडलेल्या पिलांपासून पंख भरलेल्यांपर्यंत सगळी तिथे शिकत. सकाळी हंसांची बोली, दुपारी ज्याची त्याची. टिटवी पिलाला घेऊन गेली आणि म्हणाली, "गुरुजी, याला दोन्ही वेळा तुमचीच बोली शिकवा. आमची शिकून त्याला जायचंय कुठे?"

"टिटवीबाई, सकाळचे शब्द माझ्याजवळ आहेत," हंस म्हणाला. "दुपारच्या बोली मला ऐकून कळतात, पण त्यांचे शब्द मी कुठून आणू? ते पिलांनी घरून आणायचे असतात, शिदोरीसारखे."

टिटवीने ते कानाआड केले. घरीसुद्धा ती हंसांचेच शब्द बोलू लागली. तिला येऊन जाऊन तीनच येत होते, 'ये', 'खा' नि 'नीज'. पूर्वी तिची बडबड माळभर ऐकू येई, आता संध्याकाळ मुक्यानेच सरू लागली. एके दिवशी पिल्लू शाळेतून आले ते पंख पसरून, "दड! दड!" असे ओरडतच. हंसांच्या बोलीत दड म्हणजे ऊठ, पंख पसर, आभाळात झेप घे. टिटवीच्या काळजात चर्र झाले. आपल्यात याचा अर्थ वेगळा आहे, असे सांगावे म्हणून तिने चोच उघडलीही. पण ते सांगायचे तर आपली बोली आलीच, म्हणून ती गप्प बसली.

काही दिवसांनी गुरुजीच माळावर आले. "तुमचं पिल्लू हुशार आहे हो. पण दुपारी त्याची पाळी आली की ते खाली मान घालून बसतं."

"बसू दे," टिटवी म्हणाली. "सकाळी तर ताठ असतं ना?"

आणि मग एका दुपारी, पिल्लू गवताबाहेर उघड्यावर खेळत असताना, वर ससाणा घिरट्या घालू लागला. टिटवी दूर होती. शिकलेले शब्द भीतीने कुठल्या कुठे पळाले आणि तिच्या कंठातून आईने दिलेला शब्दच फुटला, "दड! दड रे बाळा!"

पिलाने ऐकले. आई शाळेतला शब्द किती नीट बोलली, याचा त्याला केवढा आनंद झाला! त्याने आपले अर्धेकच्चे पंख पसरले आणि धडपडत वर उडी घेतली.

ससाणा दगडासारखा खाली आला. टिटवीने झेपावत येऊन मध्ये अंग टाकले. त्याची नखे तिच्या पंखात रुतली. तळ्यावरून म्हातारा हंस ओरडत धावून आला तेव्हा कुठे ससाण्याने तिला सोडले. पिल्लू वाचले, पण टिटवीचा पंख लोंबत राहिला. या वेळी ते सोंग नव्हते.

पिल्लू जवळ आले आणि हंसांच्या बोलीत काहीतरी विचारू लागले. टिटवीला कळेना. तिने गुरुजींकडे पाहिले.

गुरुजी तिला सांगू लागले, "ते विचारतंय, आई, तू सांगितलंस तसंच केलं ना मी? मग तुला का लागलं?"

टिटवीला रडू आवरेना. "बाळा, तुझं काही चुकलं नाही रे," ती म्हणाली. हे तिने आपल्या बोलीत म्हटले, आणि ते पिलाला कळले नाही. गुरुजी अर्थ सांगायला पुढे झाले, तोच ती म्हणाली, "थांबा गुरुजी. हे मीच सांगते."

तिने दुखरा पंख सावरत पोट जमिनीला टेकवले, पिलाला कुशीत ओढले आणि हलकेच म्हटले, "दड." पिल्लू तिच्याकडे बघत राहिले. मग तेही तिच्यासारखेच मातीला बिलगून निपचित पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या शाळेत त्याची पाळी आली. त्याने मान वर केली आणि घरून आणलेला तो एकच शब्द सांगितला. टिटवी ते ऐकायला तळ्यापर्यंत चालत आली होती. त्यानंतर ती पुन्हा कधी उडाली नाही.

तात्पर्य : जगाची बोली मुलांना शाळेत मिळेल, पण संकटात आईच्या तोंडी जी बोली येते, ती मुलांना घरीच मिळायला हवी.