भैरूची धाव

कोल्हापूरच्या एका पेठेत एक भोळा गडी होता. नाव भैरू. तालमीच्या फुटबॉल संघात बॅकला खेळायचा. अंगानं थोराड, मनानं गाय. सांगितलेलं सगळं ऐकायचा, पण ते कुठं करायचं हे त्याचं तोच ठरवायचा. घोटाळा तिथंच होता.

शेजारच्या पेठेबरोबर फायनल ठरली. तालमीनं कित्येक वर्षांत कप पाहिला नव्हता. रंगराव वस्तादांना अन्न गोड लागेना.

"पोरांनो, चरबी झडली की पाय पळत्यात," ते म्हणाले आणि त्यांनी वजनकाटा मांडला.

भैरू काट्यावर एका पायानं उभा राहिला.

"आरं, दुसरा पाय?"

"ह्याचं झालं की त्याचं बघू की, वस्ताद."

"गाढवा! दोन्ही पाय टेकव. आन् अजिबात हलू नगंस."

भैरूनं हे पक्कं ध्यानात ठेवलं.

संध्याकाळी सरावात बॉल थेट त्याच्या पुढ्यात आला. भैरू दोन्ही पाय टेकवून उभा. बॉल नडगीला लागून थांबला. समोरच्या पोरानं तो आरामात उचलून नेल्यासारखा नेला.

"लेका, हललास का न्हाईस?"

"तुम्हीच म्हणालासा की."

"काट्यावर म्हणालो! हितं पुढ्यात आलं की लाथ हाणायची. इचार करायचा न्हाई."

"बरं."

दुसऱ्या दिवशी मिरजेहून एक सर आले. पोटावरची कातडी चिमट्यात धरून ते अंगात चरबी किती नि स्नायू किती ते सांगायचे. सर वाकले. चिमटा पुढ्यात आला. भैरूनं विचार केला नाही. सर आखाड्याच्या मातीत सापडले. चिमटा सापडलाच नाही.

वस्तादांनी कपाळावर हात मारला. "आरं, पाहुणं हायत ते! पाहुणा आला की बाजूला सरावं, हात जोडावं, 'या, बसा' म्हणावं!"

"आता चुकणार न्हाई."

फायनलला सगळी पेठ लोटली. समोरचा फॉरवर्ड बॉल घेऊन सुसाट आला. "भैरू, अडव!" लोक ओरडले. भैरू बाजूला सरला. हात जोडले.

"या, बसा."

तो काही बसला नाही. गोल करून गेला.

वस्ताद रडकुंडीला आले. "मुडद्या, आता जीव गेला तरी बॉल जाळ्यात जाऊ द्यायचा न्हाई!"

आणि खरंच, भैरूनं एकही जाऊ दिला नाही. छातीनं अडवले, डोक्यानं अडवले, एक तर नाकानं अडवला. वस्तादांना त्याचं कौतुक वाटायला लागलं. बिचारे.

शेवटचं मिनिट. आपल्या शिवाप्पानं समोरच्या गोलकीपरला चकवलं. जाळं मोकळं. शिवाप्पानं बॉल ढकलला. बरोबरी झाल्यातच जमा.

तेवढ्यात भैरू सुटला. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. चरबी खरोखरच झडली होती. असं पळणं पेठेनं जन्मात पाहिलं नव्हतं. रेषेवर अंग झोकून त्यानं बॉल बाहेर हाणला. शिट्टी वाजली. खेळ संपला.

धापा टाकत, छाती फुगवून तो वस्तादांपुढं आला.

"वस्ताद, त्यांचा गोलकीपर खाली पडला हुता. मी पळालो म्हणून गोल वाचला!"