साहेबांची नवी चाकं

गाड्यांचे भाग माणसांशी बोलत, त्या काळात रणधीरराव घोसाळकर नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या भल्यामोठ्या गाडीच्या प्रत्येक चाकात एक सेन्सर होता. टायरमधली हवा कमी झाली की तो डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लावी आणि म्हणे, "साहेब, हवा भरून घ्या."

रणधीररावांना ही कटकट वाटे. एके दिवशी त्यांनी चकचकीत नवी चाकं आणली.

"साहेब, आम्हाला नव्या चाकांत बसवून घ्या," सेन्सर म्हणाले.

"ही रडकी मंडळी आमच्या पोटात कशाला?" नवी चाकं म्हणाली. "तुमच्या गाडीत काही बिघडूच शकत नाही."

रणधीररावांना हे फार पटलं. सेन्सर जुन्या चाकांसकट भंगारात गेले. पिवळा दिवा मात्र पेटूनच राहिला. "मला हवेचं काहीच कळत नाही हो," असं तो सांगत होता. रणधीररावांनी त्याच्यावर गुलाबाचं स्टिकर चिकटवलं.

पुढे एकदा पाहुण्यांना घेऊन जाताना घाटात मागच्या टायरमध्ये खिळा घुसला. टायर कण्हत चाकाला म्हणाला, "हवा चाललीय, साहेबांना सांग ना!"

"आत्ता? ते पाहुण्यांना माझंच कौतुक सांगताहेत. मूड जाईल त्यांचा."

पुढच्याच वळणावर टायर फाटला, चाक तडकलं आणि गाडी कठड्याला घासत थांबली. पाहुणे किंचाळत उतरले.

"मला कुणी सांगितलं का नाही?" रणधीरराव ओरडले.

उरलेली तिन्ही चाकं एका सुरात म्हणाली, "साहेब, ते पहिल्यापासूनच कमजोर होतं. आमच्याकडे बघा."

रणधीररावांनी बघितलं आणि त्यांना जरा बरं वाटलं.